पेनचे आजचे वय

माझ्या मुलीच्या दहावीच्या सहामाही परीक्षेत गणिताच्या पेपरात एक उदाहरण आलं होतं. एका डब्यात पेन आणि पेन्सिली आहेत. पेन पेन्सिलींच्या दुप्पट आहेत. दोन्हींतून पाच-पाच काढून घेतले, तर उरलेले पेन उरलेल्या पेन्सिलींच्या तिप्पट होतात. डब्यात मुळात पेन किती आणि पेन्सिली किती?

मुलीने सुबक अक्षरात पहिली ओळ लिहिली होती : समजा, पेन्सिलीचे आजचे वय x वर्षे आहे.

पुढे सगळं ओळीने होतं. म्हणून पेनचे आजचे वय २x वर्षे. पाच वर्षांपूर्वी पेन्सिलीचे वय x वजा ५. दिलेल्या अटीनुसार समीकरण. आणि शेवटी पट्टीने आखलेल्या चौकटीत उत्तर : पेनचे आजचे वय २० वर्षे व पेन्सिलीचे आजचे वय १० वर्षे.

शाळेतल्या गणिताच्या बाईंनी चौकटीवर लाल प्रश्नचिन्ह काढून शून्य दिलं होतं. बाकीचा पेपरही तसाच होता. चाळीसपैकी नऊ मार्क.

मी मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचं स्टोअर सांभाळते. माझ्याकडे रबरी वॉशर मागायला येऊन कुणी त्याचं वय सांगितलं, तर मी त्याला घरी पाठवते. इथे घरच्याच माणसाचा प्रश्न होता.

"हे काय लिहिलंयस गं?"

"टाइप तीन आहे ना तो, आई."

"टाइप तीन म्हणजे?"

"दुप्पट-तिप्पट आलं की टाइप तीन. वयाचं गणित. त्याच्या स्टेप्स सरांनी पाठ करून घेतल्यात."

"अगं, पण पेनला वय असतं का?"

तिने पेपर जवळ ओढून ती ओळ परत वाचली. तिला खरंच पहिल्यांदा दिसत होतं ते. मग म्हणाली, "क्लासच्या टेस्टमध्ये मला यालाच चार पैकी चार मिळाले असते."

क्लास आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, फरसाणच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना चढताना तळणीचा वास येतो आणि वर पोचलं की एसीचा. मधल्या भिंतीवर मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो, सगळे आपापल्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्यासकट. मी पेपर घेऊन गेले. सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, त्यावरून नजर फिरवली आणि पेनच्या वयापाशी बोट ठेवून माझ्याकडे विजयाने पाहिलं.

"बघा मॅडम! उत्तर बरोबर आहे. वीस आणि दहा. बाईंनी उगाच मार्क कापलेत."

मला वाटलं, हा माणूस गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता.

"सर, तिने पेन वीस वर्षांचं आहे असं लिहिलंय."

"स्टेप्स बघा ना मॅडम. एक तरी स्टेप मिस आहे का? बोर्डाला अक्कल लागत नाही, प्रेझेंटेशन लागतं. शब्द इकडचे तिकडे झालेत फक्त. डिसेंबरला क्रॅश बॅच सुरू होतेय, तिच्यात टाका हिला."

मुलगी बाजूला उभी होती. तिला दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा करायचा आहे, हे मी त्यांना सांगितलं. हे वेड नवीन नव्हतं. पाचवीत असताना तिने बापाची टेप घेऊन आमचं सगळं घर मोजलं होतं. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आणि बिल्डरने ऑफिसात नकाशे लावले, तेव्हा बाकीचे सभासद पार्किंगवरून भांडत होते आणि ही नकाशासमोर उभी राहून मला सांगत होती, "आई, या बाथरूमचं दार उघडलं की बेसिनवर आपटणार." खरंच आपटणार होतं. त्या दिवसापासून घरात सिव्हिल हा एकच शब्द. पण सिव्हिलला दहावीचे मार्क लागतात, आणि आत गेल्यावर गणिताखेरीज पान हलत नाही.

सरांनी तिच्याकडे न बघताच निकाल दिला. "सिव्हिल विसरा. ही गणितवाली नाही. पास मी करून देतो, कॉमर्सला टाका."

माझ्या मुलीने मान खाली घातली. ते मला नऊ मार्कांपेक्षा जास्त लागलं. मी पेपर दुमडून पर्समध्ये ठेवला, तिला पुढे घातलं आणि जिना उतरले. उतरताना कामांची यादी मनात तयार झाली : क्लास बंद. गणिताचं पुस्तक नवीन आणायचं, हिच्या पुस्तकात सगळीकडे 'टाइप एक', 'टाइप दोन' लिहिलेलं आहे. रोज संध्याकाळी सात ते साडेआठ, स्वयंपाकघरातलं टेबल.

नवऱ्याला यादी वाचून दाखवली. तो म्हणाला, "शिकवणार कोण?"

"मी."

"तुला येतं?"

"पुस्तक आहे ना. मला वाचता येतं."

"वाट लागली," असं तो मुलीला म्हणाला, मला ऐकू जाईल इतक्या हळू.

पहिल्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं आणि दोन पानांत माझ्या लक्षात आलं की गणिताच्या पुस्तकातल्या माणसांशी मी एक दिवसही संसार करू शकले नसते. एक जण टाकीला दोन नळ लावतो, एक भरायला आणि एक रिकामी करायला, आणि दोन्ही एकाच वेळी सोडून घड्याळ बघत बसतो. आमच्याकडे पाणी सकाळी जेमतेम तासभर येतं. त्या तासात असला माणूस सोसायटीत सापडला, तर त्याचं काय होईल हे सांगायला समीकरण लागत नाही. दुसरा आपल्या मुलाचं वय सरळ सांगत नाही, 'माझ्या वयाच्या एकतृतीयांशापेक्षा दोनने कमी' असं सांगतो. तिसरा आयताकृती शेताच्या कडेने आतून रस्ता बांधतो, रस्त्याचं क्षेत्रफळ त्याला माहीत असतं आणि रुंदी मात्र माहीत नसते. टेप विकत घे बाबा.

पण या वेडगळ माणसांना नावं ठेवून सुटका नव्हती, कारण क्लास त्यांच्यापेक्षा वाईट होता. ही माणसं निदान काहीतरी विचारत होती. क्लासने मुलांना ते ऐकायचंच नाही असं शिकवलं होतं. वाक्यातला एक शब्द पकडायचा, त्यावरून टाइप ठरवायचा आणि पाठ ओळी ओतायच्या. 'अधिक' दिसला की बेरीज. 'पट' दिसला की वय. 'परंतु लांबी ऋण असू शकत नाही' ही ओळ वर्गसमीकरणाच्या शेवटी लिहायचीच, देवापुढे उदबत्ती लावतात तशी.

मी पुस्तक मिटलं आणि तिला आमच्या दोघींचं उदाहरण घातलं. आईचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. पाच वर्षांनी ते मुलीच्या वयाच्या अडीचपट होईल. दोघींची आजची वयं काढ.

"टाइप तीन!" ती खूश झाली. या वेळी खरंच वयं होती. तिने भराभर लिहिलं. समजा, मुलीचे आजचे वय x वर्षे, म्हणून आईचे ३x. पाच वर्षांनी आई ३x + ५. मग समीकरण : ३x + ५ = २.५x + ५. दोन्हीकडचे पाच कापले. २.५x डावीकडे नेले. उरलं ०.५x = ०. म्हणून x = ०. पट्टी घेतली, चौकट आखली : मुलीचे आजचे वय ० वर्षे व आईचे आजचे वय ० वर्षे. आणि पुढचं उदाहरण घ्यायला पान उलटलं.

"थांब. काय आलं उत्तर?"

"झिरो."

"कोण झिरो?"

"दोघी."

"म्हणजे तू आज जन्मलीस?"

"हो."

"आणि मीही आज जन्मले."

"हो." मग तिने डोळे वर केले. "आई, गणितातली आई वेगळी असते गं!"

तेव्हा मला कळलं की हिला बेरीज-गुणाकार शिकवायचाच नाहीये. ते तिला येतं. तिला एवढंच शिकवायचंय की गणितातली आईसुद्धा मुलीच्या आधी जन्मलेली असते.

त्या टेबलावर मी तीन गोष्टी ठरवल्या आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावल्या. उदाहरण वाचलं की पेन खाली ठेवायचं आणि काय चाललंय ते साध्या मराठीत मला सांगायचं. मग उत्तर साधारण किती असेल ते बोलायचं, चुकलं तरी चालेल. आणि उत्तर आलं की ते परत उदाहरणात घालून बघायचं, म्हणजे पडताळा. चौकट पडताळ्यानंतर.

"आता सांग," मी म्हटलं. "पाच वर्षांनी काय होणार?"

"तू पाचने मोठी होणार."

"आणि तू?"

"मी पण."

"मग तुझे पाच कुठे आहेत?"

"हे काय, उजवीकडे अधिक पाच."

"अडीचपट कशाची?"

"माझ्या… तेव्हाच्या वयाची."

"तेव्हाचं वय किती?"

"x अधिक पाच." मग तिने स्वतःच कंस घातला. ३x + ५ = २.५ (x + ५). उजवीकडे २.५x + १२.५ झालं. दोन्हीकडून पाच गेले, अर्धा x बरोबर साडेसात. x पंधरा. आई पंचेचाळीस. पडताळा : पाच वर्षांनी वीस आणि पन्नास. विसाची अडीचपट पन्नास.

"अय्या," ती म्हणाली, "हे आपणच आहोत."

"मग कोण असणार?"

हा गोड प्रसंग इथेच संपतो. नंतरचे दोन महिने वाईट होते. ती हळू झाली. पूर्वी पाठ ओळी धडाधड लिहून पेपर भरायची, आता प्रत्येक उदाहरणापुढे पेन खाली ठेवून विचार करत बसायची. शाळेच्या पुढच्या चाचणीत तिने लिहिलं तेवढं सगळं बरोबर होतं आणि निम्मा पेपर कोरा होता. मार्क पूर्वीपेक्षा दोनच जास्त. क्लासच्या तिच्या मैत्रिणी शाळेच्या जिन्यात तिला ऐकवून जायच्या, "आमचा पोर्शन संपला, यार. तुझी आई अजून कंसावरच आहे ना?"

एका संध्याकाळी तिने पुस्तक सरळ टेबलावर आपटलं. "तू टीचर आहेस का? बोर्डात दोन तास असतात. तिथे तुला साध्या मराठीत सांगत बसू? मला क्लासला परत जायचंय."

नवरा दारात होता. "जाऊ दे ना गं तिला," तो म्हणाला. "सगळी पोरं तेच करतात. पास होतात."

"पास होऊन काय करतात?"

"कॉमर्स करतात. मी नाही केलं?"

"केलंस. आणि रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला कार्पेट एरिया म्हणजे काय ते पोरीला विचारलंस."

तो आत गेला. मुलीला हसू आवरलं नाही, आणि हसल्यावर तिला पुस्तक परत उघडावं लागलं. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं, वेळ मोजूनच मिळतो. मी यादी बदलली. जोरात बोलून सांगणं बंद, उदाहरणाच्या कडेला पेन्सिलीने दोन शब्द. आधी येणारं सोडवायचं, अडलं की पुढे. आणि ज्या ओळींना बोर्ड मार्क देतं त्या लिहायच्या, फक्त त्या ओळीत लिहिलंय ते खरं असलं पाहिजे. एवढी अट मी ठेवली. जानेवारीपर्यंत तिचा पेपर वेळेत संपायला लागला.

मग पूर्वपरीक्षा आली आणि तिच्यात एक सभागृह आलं. आयताकृती सभागृहाची परिमिती ३४ मीटर, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, तर लांबी आणि रुंदी काढा. परिमिती चौतीस म्हणजे लांबी आणि रुंदी मिळून सतरा. एक बाजू x धरली तर दुसरी सतरा वजा x. दोन्हींचा गुणाकार साठ. सोडवलं की x बारा येतो किंवा पाच येतो.

क्लासच्या अख्ख्या बॅचने, एकही सोडून नाही, पुढची ओळ लिहिली : परंतु लांबी ऋण असू शकत नाही, म्हणून x = ५ अमान्य.

पाच. ऋण. आपल्या बोटांवर मोजता येणारे पाच. त्या पोरांनी पाचाला ऋण ठरवून हाकलून दिलं, कारण उदबत्ती लावायची तर कुणालातरी ओवाळायलाच पाहिजे.

माझ्या मुलीने लिहिलं होतं : दोन्ही किमती मान्य. एक बाजू १२ घेतली तर दुसरी ५, आणि ५ घेतली तर दुसरी १२. सभागृह तेच. लांबी १२ मीटर, रुंदी ५ मीटर. खाली पडताळा. बाईंनी तिचा अर्धा मार्क कापला होता : 'एक किंमत अमान्य केली नाही.'

मी पर्स उचलली. मुलगी आडवी आली.

"तू येऊ नकोस. तू आलीस की बाई आधीच चिडतात. मी बोलते."

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलेलं इथे लिहिते. बाईंपुढे तपासलेल्या पेपरांचा ढीग होता आणि त्या चहा पीत होत्या. ही म्हणाली, "बाई, पाचमध्ये ऋण काय आहे?" बाईंनी तिचा पेपर पाहिला, मग ढिगातला वरचा पेपर पाहिला, मग त्याखालचा. चहा खाली ठेवला. "सगळ्यांनी तेच लिहिलंय गं. वाचून वाचून मलाही तेच खरं वाटायला लागलं." हिचा अर्धा मार्क परत आला. आणि बाई प्रामाणिक असल्यामुळे बाकी सगळ्यांचा गेला.

त्या दुपारी मधल्या सुट्टीत माझ्या मुलीशी कुणी बोललं नाही. एकीने फक्त जाता जाता टाकलं, "आली मोठी. तुझ्यामुळे आमचा हाफ मार्क गेला." ती घरी येऊन रडली नाही. डबा धुवायला टाकला आणि म्हणाली, "त्यांना अजून कळलं नाहीये, आई. त्यांना वाटतंय मी चुगली केली."

संध्याकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या मुलीमुळे माझ्या बॅचचं मोराल डाउन झालं."

"पाच ऋण असतो का सर?"

"मॅडम, ती स्टँडर्ड ओळ आहे."

मी फोन ठेवला. काही माणसांशी बोलण्यात गॅससुद्धा जळत नाही, नुसता वेळ जळतो.

बोर्डाच्या पेपराला मी अर्धी रजा टाकून केंद्राबाहेर उभी राहिले. बाहेर येणारी पोरं आकाशाकडे बघत ओळी जुळवत होती. माझी मुलगी शेवटी आली.

"कसा गेला?"

"चांगला. एकाचा पडताळा जुळला नाही."

"मग?"

"शोधलं, सापडलं नाही. वेळ संपत आली. मग खाली लिहिलं, उत्तराचा पडताळा जुळत नाही."

"असं लिहितात का पेपरात?"

"तूच म्हणालीस ना, लिहू ते खरं असलं पाहिजे."

मला तिला ओरडावंसं वाटलं. चौकट आखून गप्प बसली असती तर तपासणाऱ्याने घाईत टिक केलीही असती. पण हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते? आम्ही उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो.

गणितात शंभरपैकी एकाहत्तर मिळाले. पेढ्यांची रांग लावावी असे नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी 'एवढेच?' असं विचारलंही. दुसऱ्या फेरीत तिला सिव्हिल मिळालं, दोन बस बदलून जावं लागणाऱ्या पॉलिटेक्निकमध्ये. तिने पत्ता मिळाल्यावर पहिलं काम काय केलं, तर त्या इमारतीचा नकाशा नेटवर शोधून जिने कुठे आहेत ते पाहिलं.

आणि त्याच आठवड्यात भाजी मार्केटच्या कोपऱ्यावर बॅनर लागला. 'आमच्या पद्धतीचे यश.' वर मोठे फोटो, खाली लहान, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात माझी मुलगी. क्लासच्या ओळखपत्राचा नववीतला फोटो, दोन वेण्या, जुना चष्मा. खाली लिहिलं होतं : गणितातील सर्वाधिक प्रगती.

मी तिथूनच फोन लावला.

"अभिनंदन मॅडम!" सर म्हणाले. "मी म्हटलंच होतं, मुलगी हुशार आहे."

"तुम्ही म्हणाला होतात, ही गणितवाली नाही. फोटो उतरवा."

"ॲडमिशन तर आमच्याकडेच होतं ना, मॅडम. पाया आम्हीच घातला. आणि बॅनर आता छापलेला आहे, एक फोटो कसा काढणार?"

आठवडाभर मी रोज फोन केला. रोज तो बॅनर तिथेच होता. मुलीला काही वाटत नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले, तेव्हा ती त्याखालून जाताना थांबली आणि वर बघून हसली.

"आई, यांनी खाली पेनचं वय पण टाकायला पाहिजे होतं."

"मी बघते याच्याकडे."

"जाऊ दे गं. चल, मला उशीर होतोय. पहिलं लेक्चर मॅथ्सचं आहे."

ती बसमध्ये चढली, खिडकीतून हात केला आणि गेली. मी परत कोपऱ्यावर आले. स्टोअरच्या कामामुळे माझ्या पर्समध्ये कायम छोटी कात्री असते. बॅनरची उजवी खालची दोरी माझ्या हाताच्या उंचीवर होती. भाजीवाली माझ्याकडे बघत होती. मी दोरी कापली. तो कोपरा वाऱ्याने वर उडून दुमडला आणि माझी मुलगी क्लासच्या यशातून निघून गेली.

"बरं केलंत ताई," भाजीवाली म्हणाली, "सकाळपासून माझ्या टोपलीवर फडफडत होतं."

हे काम त्या दिवशीच्या माझ्या यादीत नव्हतं. कारखान्यात पोचल्यावर ते आधी यादीत लिहिलं, आणि मग खोडलं.